रिकामं भोक

मी एक जुना क्रँक आहे, मोटारसायकलच्या इंजिनाच्या पोटातला. दोन लोखंडी चाकं आणि मधली पीन, एवढाच माझा देह. लढाई संपल्यावर लष्करी लिलावातून मी सोनगीरला मगनकडे आलो. किल्ल्याखालच्या वळणावर गाडी घसरून मगन गेला. मी मात्र शाबूत राहिलो.

त्याच्या धाकट्या भावाने, हिलालने, त्या वळणाशीच वैर धरलं. धुळ्याच्या भाईदास नाना मिस्त्रींना म्हणाला, "नाना, याले हालका करा. त्या वळनवर माले वारासारखं निंघनं शे."

नानांनी माझी चाकं लेथवर तासली. मग मला दोन सपाट पट्ट्यांवर ठेवलं. जड बाजू आपोआप खाली येई, तिथे ते भोक पाडत. शेवटी कसंही ठेवा, मी तिथेच थांबू लागलो. तोल साधला होता.

अखाजी आली, गेलेल्यांच्या नावाने घागर भरायची अक्षय्य तृतीया. मगनच्या नावाने पाण्याची पहिली घागर भरली आणि दुसऱ्या दिवशी त्याची माय, धुरपदाबाई, नानांकडे आली. मगनच्या चांदीच्या कड्याचा तुकडा तिने पुढे केला. माझ्या एका भोकात तो बसवायचा होता.

"अक्का, तोल बिघडी जाई."

"बिघडू दे, भाऊ. मना मगन हिलालले धरी ठेवी."

नानांना नाही म्हणवेना. त्यांनी तुकडा ठोकून बसवला.

मित्रांनो, मग वेग वाढला की मी थरथरू लागलो. हिलालचे हात झिणझिणत आणि वळणाआधी तो हमखास हळू होई. "सोड ना माले, भाऊ!" मगननेच मागून धरल्यासारखं वाटून तो एकटाच ओरडे. शेवटी नानांनी त्याला खरं सांगितलं. तो रडला, पण त्याने हट्टाने चांदी काढायला लावली आणि खिशात घातली.

त्या दिवशी मी लोण्यासारखा फिरलो. मला गर्वच झाला. वळण आलं, हिलालचे हात झिणझिणले नाहीत, आणि तो घरी परतला नाही.

आता मी त्याच्या मायच्या घरी दोन पट्ट्यांवर असतो. नानांनी पुन्हा तपासलं, तोल चोख आहे. तरीही अखाजीला दोन घागरी भरून ती मला फिरवते, तेव्हा ते चांदी काढलेलं रिकामं भोकच खाली येऊन थांबतं. ती त्यात बोट घालते आणि विचारते, "उनात का रे दोन्ही?" म्हणजे, आलात का रे दोघं?

मित्रांनो, वेगाची हौस जरूर करा, पण तुम्हाला धरणारा हात ओझं समजून काढून टाकू नका. आणि या घरी आलात तर मला फिरवू नका. ती माय लगेच दाराकडे बघते.