पुनाजी कोतवालाची बायको

दप्तराच्या रुमालाची गाठ सुटत नव्हती. कधीकाळी लाल असलेल्या त्या कापडाला आता धड विटकरीही म्हणवत नव्हतं, आणि तहसिलीच्या रेकॉर्ड रूमचा बाबू रूपसिंग गाठीत आधी नख, मग किल्ली खुपसून शेवटी दात लावून ती ओढत होता – आणि डोमाजी गुरुजींना वाटत होतं, नसेल सुटत तर राहू दे बाबा, चौऱ्याऐंशी वर्षं बांधलेलंच चाललं की... पण गाठ सुटली. रूपसिंग दोनदा शिंकला आणि त्याने गावाचं जुनं कोतवाल बुक टेबलावर ठेवलं. गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं, त्याची ही वही.

"नक्कल कायच्यासाठी पाह्यजे, गुरुजी? जातपडताळणी?"

"नाही."

"मंग? दुसऱ्या कामासाठी तं इथं कोनी येतच नाही."

उत्तर मैत्रेयीने दिलं. नात पुण्याला नोकरीला. तिच्या कंपनीतल्या एका आयरिश मुलाने म्हणे तिकडच्या चर्चच्या आणि जमिनीच्या जुन्या वह्या चाळून खापरपणजीच्याही पलीकडची नावं काढली होती. बाळाच्या डोक्यावर पाणी घातलं की पाद्री लिहून ठेवायचा, बाप अमुक, आई तमुक. तेव्हापासून हिने मोबाईलवर घराण्याचं झाड मांडलं. चौदा एप्रिलला घरी आली तेव्हा झाडात आबांच्या वर एका चौकोनात पुनाजी होता, आणि शेजारचा चौकोन रिकामा. "आबा, तुमच्या आईचं नाव सांगा ना." आणि अडतीस वर्षं दारव्ह्याच्या शाळेत पोरांची नावं वहीत चढवणाऱ्या माणसाला स्वतःच्या आईचं नाव ठाऊक नव्हतं. कागदावर कधी लागलंच तर ते वच्छलाबाई लिहीत. वच्छला म्हणजे बापाची बहीण, नवऱ्याने टाकलेली, मूल नसलेली. तिनेच वाढवलं, तिलाच ते माय म्हणत. पण पेन दर वेळी जरासं थांबायचं.

खरं सांगायचं तर नाव शोधायला ते आलेच नव्हते. नाव हे मैत्रेयीचं काम. त्यांना आई गेल्याची तारीख पाहायची होती – पाहायचीही नव्हती. सात-आठ वर्षांचे असताना कशावरून तरी हट्टाला पेटले होते, माझी खरी माय कुठं आहे म्हणून, तर भाकरी थापता थापता, मान वर न करता वच्छला म्हणाली होती, "तू आला अन् ते गेली." बस. पुन्हा विचारलं नाही. आपण येताना तिला मारून आलो, हे त्या दिवशी कळलं आणि मग ते आपल्या उंचीसारखं, रंगासारखं अंगाचंच होऊन गेलं. बायकोच्या तिन्ही बाळंतपणांत ते दवाखान्यात थांबले नाहीत. बसस्टँडवर जाऊन बसले, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या मोजत. बायको शेवटपर्यंत टोचून बोलायची, तुमच्यावानी भित्रा माणूस पाह्यला नाही. भित्रा! तिला तरी कुठे सांगितलं...

"जन्मतारीख?"

"एक जुलै, बेचाळीस."

रूपसिंगने पानं उलटली. जुलैत नाही, जूनमध्ये नाही, ऑगस्टमध्येही नाही. मग तो एकदम हसला. "गुरुजी, तुमी सोता मास्तर होते ना? हे शाळेतली तारीख हाय. माह्या बापाची एक जुलै, माह्या काकाची एक जुलै, अख्खा तांडा एकाच दिवशी जन्मला आमचा."

डोमाजी ओशाळले. शाळेत घालायला पोर आणलं, तारीख माहीत नसली, की एक जुलै ठोकून मोकळं व्हायचं. शेकडो पोरांना त्यांनी स्वतःच्या हाताने ती वाटली होती, आणि आपली मात्र खरी समजून बसलो. वा रे गुरुजी!

मागे जात जात रूपसिंगचं बोट एकेचाळीसच्या मार्चवर थांबलं. अकरा मार्च. पुनाजी कोतवाल. महार. मुलगा.

एवढंच. आईचा रकानाच नव्हता. बाप होता, जात होती, मुलगा होता, आणि हा मुलगा जिच्या पोटातून आला तिला बसायला ओळीत जागा नव्हती. मैत्रेयी "श्शी" म्हणाली. पण डोमाजींची नजर शेजारच्या, मृत्यूच्या पानावर गेली होती. बारा मार्च, तेरा मार्च... ताप, पटकी, म्हातारपण... एप्रिल. कुणी नाही.

"पुढं पाहा," ते म्हणाले. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आला.

एकेचाळीस संपलं. बेचाळीसही संपलं. रूपसिंगला कंटाळा आला होता, जेवणाची वेळ झाली होती, पण बोट चाललं होतं आणि डोमाजी त्या बोटाला मनातल्या मनात कधी पुढे ढकलत होते, कधी मागे ओढत होते.

"हे घ्या. दोन नोव्हेंबर त्रेचाळीस. पुनाजी कोतवालाची बायको. ताप."

बाप डोळ्यांसमोर उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पाटलाच्या ओसरीखाली. गावातला प्रत्येक जन्म-मृत्यू त्यानेच सांगायचा आणि पाटलाने लिहायचा, हेच तर कोतवालाचं काम. त्या दिवशी तो असाच उभा राहून म्हणाला असेल, मालक, माही बायको मेली. पाटलाने नाव विचारलं नसेल. विचारलं असतं तर सांगितलं असतं का बापाने? तोंडात आलं तरी असतं का तिचं नाव?

"नाव नाहीच ना, आबा," मैत्रेयी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "एवढं येऊन काही मिळालं नाही."

त्यांनी मान हलवली. बाहेर येऊन ते कडुलिंबाखालच्या बाकावर बसले. पोरगी चहा आणायला गेली. मी मारलं नाही. किती हलकं वाटायला हवं होतं! छातीवर सत्तर-पंच्याहत्तर वर्षं बसलेला धोंडा उठला होता, आणि त्याच्या जागी हे काय शिरत होतं? दोन वर्षं, सात महिने आणि वर काही दिवस. वच्छलाला हे माहीत होतं. ती त्याच घरात होती. मग काहून बोलली तसं? रागाने? की मी पुन्हा कधी तिला शोधू नये, सगळाच्या सगळा आपलाच व्हावा म्हणून? झालोही. तिला खांदा दिला तेव्हा माय म्हणूनच रडलो, आणि आताही तिच्यावर धड चिडता येत नव्हतं, तिच्या हातच्या भाकरीवरच तर हे शरीर उभं.

पण अडीच वर्षांचं पोर म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? पणतू तेवढाच आहे. तो धावतो. पाणी मागतो. आई न्हाणीघरात गेली तरी दाराशी बसून दार बडवतो. म्हणजे मी तिला ओळखत होतो. तिचा आवाज, तिचं लुगडं, तिची चाल मला माहीत होती. तिला मी माय म्हणत होतो, आणि मग तोच शब्द उचलून मी दुसरीला दिला. कधी दिला? कुणी शिकवला? डोळे मिटून ते खोल खोल जाऊ पाहत होते... एक पाठ दिसल्यासारखी झाली, घामाने ओली, कापसाच्या ओळीत वाकलेली – पण ती वच्छलाचीही असेल. तिच्याकडून काढून घेऊ? आणि कुणाला देऊ, नाव नसलेलीला?

"आबा, तो चौकोन मी आता काढून टाकू का?" मैत्रेयीने चहा पुढे केला.

"काढू नको."

"पण लिहू काय त्यात?"

त्यांनी कप बाकावर ठेवला. आजवर आईविना जन्मलो असं वाटायचं. जे नव्हतंच त्याची ओढ कसली? आज, या वयात, घाटंजीच्या तहसिलीसमोर, पहिल्यांदाच त्यांना माय हवी होती. नोव्हेंबरचा महिना. घरात माणसं जमली असतील, तिला घेऊन गेले असतील, आणि मी दाराशी बसलो असेन. मी रडलो असेन. रात्री उठून तिला शोधलं असेल. किती दिवस रडलो असेन मी? आठ? पंधरा?

आणि मग कुठल्या तरी एका सकाळी, कुणाच्याही लक्षात न येता, मी रडायचा थांबलो असेन.