मारापीच्या पायथ्याचे शर्यतीचे मैदान

मित्रांनो, गवतात हा लांबट गोल दिसतो ना, तोच मी. सुमात्रा बेटावरचे, मारापी डोंगराच्या पायथ्याचे शर्यतीचे जुने मैदान.

मला साऱ्या गावाने मिळून घडवले. पुरुषांनी उंचवटे खणले, रेड्यांनी माती तुडवली आणि जमीन दिली ती बायकांनी. आमच्याकडे जमीन आईकडून लेकीकडे जाते. भाताची कापणी झाली की माझ्यावर घोडे धावत. पुढे तरुणांनी मोटारसायकली आणल्या. मी त्यांनाही जागा दिली. नियम एवढाच, की त्यांनी आपल्या चाकोऱ्या बुजवायच्या आणि मगच घोडे सोडायचे.

एका वर्षी येंद्री नावाचा तरुण जिंकला आणि आनंदाच्या भरात तो व त्याचे सोबती हे विसरलेच. वळणावर खोल चाकोऱ्या तशाच राहिल्या. पुढच्याच शर्यतीत त्याच्या मावशीची, रोसमानिदारची, तांबडी घोडी धावणार होती. पाय अडकला असता तर मोडलाच असता. चाकोऱ्या पाहून रोसमानिदारने घोडी अडवून धरली.

“घोडी घाबरली की मावशी?” येंद्री हसला.

“तुझ्या गाडीचं चाक दुकानात मिळतं रे. हिचा पाय कुठे मिळतो, सांग!”

तेवढ्यात बायका डोक्यावर भाताची आणि रेंदांगची, म्हणजे नारळाच्या दुधात आटवलेल्या मसालेदार मांसाची, मोठी ताटे घेऊन आल्या. सणाची पंगत माझ्याच काठावर बसे, एका ताटाभोवती चार-पाच जण. रोसमानिदार ओरडली, “ताटं खाली ठेवू नका गं! आधी वळण सपाट होऊ दे.”

“मावशी, रेंदांगचा वास सुटलाय!”

“मग वासावरच भागव.”

“हात चालव रे,” मागून एक म्हातारी म्हणाली, “माझी मान अवघडली तर भात तुझ्याच डोक्यावर यायचा!”

सगळे हसले. येंद्री फावडे घेऊन आला, मागोमाग त्याचे सोबती. एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून त्यांनी माती तुडवली. मग शर्यत झाली आणि घोडीचा दुसरा क्रमांक आला. रोसमानिदारने आधी तिचे चारही पाय चाचपले, मग भाच्याला स्वतःच्या हाताने घास भरवला.

पुढे शहराजवळ नवे मैदान झाले आणि शर्यती तिकडे गेल्या. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू? पण बायकांनी मला विकले नाही. ती तांबडी घोडी म्हातारपणी माझ्यावरच चरली, धडधाकट चार पायांनी. इतक्या जिवांनी मला आपले मानले, याहून काय हवे?

मित्रांनो, मनसोक्त खेळा. निघताना मात्र आपण केलेला खड्डा बुजवून जा. तुमच्या मागून कोणीतरी धावत येत असते, जमिनीवर विश्वास ठेवून.