काळ्या दगडाचा वास

मी एक जुनी बाटली आहे. आता रिकामी आहे. सिंगापूरच्या बिशान भागातल्या एका फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये उभी असते आणि माझ्या तोंडात मनी प्लँटची फांदी खोचलेली आहे. मित्रांनो, माझ्यात एके काळी वाईन होती. तुम्ही लहान आहात, तुम्हाला ती प्यायची नाही, फक्त माझं ऐकायचं आहे. माझा स्वभाव पहिल्यापासून आंबट, तेव्हा गोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

जर्मनीत मोझेल नावाची नदी आहे. तिच्या काठचा आमचा डोंगर इतका उभा, की द्राक्षं तोडणाऱ्याचा पाय घसरला तर तो थेट खाली पाण्याशी. माती तिथे नावालाच. सगळा काळा पाटीचा दगड, तुमच्या आजोबांच्या शाळेतल्या पाटीसारखा. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते थोडं थोडं वेलींना परत देतो. हवा थंड, त्यामुळे द्राक्षं घाईने पिकत नाहीत, ऑक्टोबरपर्यंत वेलीवर राहतात आणि त्यांचा आंबटपणा टिकतो. माझ्या वाईनला ओल्या दगडाचा वास होता, तो तिथला. तळघरात माझ्या शेजारी स्पेनच्या तापलेल्या पठारावरची एक बाटली होती, दाट, काळपट आणि अंगात मस्ती असलेली. पलीकडे फ्रान्सच्या चुनखडीच्या टेकडीवरची एक, किडकिडीत आणि शिष्ट. आमच्या प्रत्येकीच्या अंगात आपापली जमीन आणि आपापली हवा मुरलेली होती.

मातीचा अभ्यास करणारा उद्धव सिंगापूरच्या विद्यापीठातून तीन महिन्यांसाठी तिथे आला. मळ्याचा मालक योहान म्हातारा होता, पण डोंगर चढताना उद्धवला दम लागायचा, त्याला नाही. त्याने उद्धवला दगड चाटायला लावला होता. निघताना त्याने उद्धवला मला दिलं आणि पाटीचा एक तुकडा दिला. "थंड जागी ठेव," एवढंच बजावलं.

पुढे तिथे उन्हाळे भाजून काढू लागले. द्राक्षं वेलीवरच करपली. योहानने डोंगर सोडला आणि उद्धवला एक फोटो पाठवला, त्यात नुसतं गवत होतं. म्हणजे माझ्यासारखी दुसरी आता होणार नव्हती. इकडे सिंगापुरात उद्धवच्या घरी, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या जुडीशेजारी मी सुखात होते. उद्धव अधूनमधून कप्पा उघडून मला बघायचा. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग पुण्याहून उद्धवची आई राहायला येणार असं ठरलं. गौरीचा नैवेद्य ज्या फ्रिजमध्ये राहणार, त्यात दारूची बाटली आईंना कशी चालेल, या धास्तीने उद्धवची बायको वीणा हिने मला उचललं. पण ते सुचलं तिला आई आल्यावर दोन दिवसांनी. इथल्या नव्या घरांत युद्धाच्या वेळी आसऱ्यासाठी जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते आणि लोक तिची अडगळीची खोली करतात. तिथे आकाशकंदिलाच्या खोक्यामागे तिने मला ठेवलं. वारा नाही, बारा महिने उकाडा. आई परत गेल्या, पुन्हा आल्या, पुन्हा गेल्या. मी तिथेच राहिले. चार वर्षांत माझं बूच फुगून वर आलं आणि मानेवरून चिकट ओघळ उतरला. मला फार राग यायचा. नंतर तोही येईनासा झाला.

उद्धवला घशाचा कॅन्सर झाला. उपाय थकले तेव्हा त्याला घरी आणलं. पाणीसुद्धा नळीने द्यावं लागे. एका दुपारी तो वीणाला म्हणाला, "ती बाटली काढ ना. प्यायची नाही. नाक अजून शाबूत आहे. त्या डोंगराचा वास एकदा यायला हवा."

वीणाने मला पुसून आणलं आणि थोडी वाईन पेल्यात ओतली. आई उशाशी बसल्या होत्या. त्यांच्या दहा वर्षांच्या मुलीने, कस्तुरीने, पेला उजेडात धरला आणि ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आई, इट्स ब्राउन लाह. बाबा, कॅन स्टिल स्मेल मेह?"

उद्धवने पेला नाकाशी नेला. मित्रांनो, माझ्यात काय उरलं होतं ते मला ठाऊक होतं. करपलेला गूळ आणि शिळं सफरचंद. त्याने डोळे मिटले. मग वीणाकडे बघून म्हणाला, "हो. तोच डोंगर."

वीणा हसली. खूप दिवसांनी हसली होती ती.

आठवड्याने उद्धव गेला. तेराव्यानंतर वीणा मला सिंकमध्ये रिकामं करायला घेऊन आली, आणि ओतता ओतता तिने वास घेतला. ती नळ तसाच सोडून उभी राहिली.

"आई, ही कधीच बिघडली होती. मला वाईट वाटू नये म्हणून बोलला तो."

आईंनी नळ बंद केला. "तुझ्या फ्रिजमध्ये होती ना ही, कोथिंबिरीपाशी? आल्याच दिवशी बघितली होती मी. म्हटलं, त्यानं जपून ठेवली असेल. मी कशाला काही बोलणार होते?"

त्यानंतर आई कॉरिडॉरमध्ये गेल्या. तुळशीच्या कुंडीखाली त्यांनी योहानने दिलेला तो पाटीचा तुकडा टेकू म्हणून ठेवला होता. तो काढून, धुऊन त्यांनी वीणाच्या हातात दिला. उन्हाने तो अजून कोमट होता आणि त्याला ओल्या दगडाचा तोच वास येत होता. उद्धवच्या उशाशी तो न्यावा हे त्या दुपारी कुणालाच सुचलं नव्हतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी काही जपायला दिलं, तर ते कुठून आलं आणि त्याला काय सोसतं, हे आधी विचारा. आणि ज्याच्या धाकाने ते लपवायला निघाला असाल, त्यालाही एकदा विचारा. मला फ्रिजमध्ये राहता आलं असतं.