लेसची पाहुणी

उशीच्या अभ्र्याची गाठ सोडून नोरीननं आत हात घातला आणि सवयीनं सापाचा मधला भाग तळव्यावर तोलत त्याला बाहेर काढलं.

"फुगलीय बघ कशी," डॉट म्हणाली. "तीन आठवडे उंदराकडे ढुंकून बघत नाहीये. लेस असता तर तुला त्रास दिला नसता गं."

डॉटच्या नवऱ्याला, लेसला, जाऊन दोन महिने झाले होते. रॉकहॅम्प्टनमधलं साप-सरडे पाळणाऱ्यांचं मंडळ त्यानंच उभं केलेलं. नोरीन त्याची चिटणीस. तो गेल्यावर त्याच्या वहीत नोंदलेले सगळे अजगर तिनं स्वतः सभासदांकडे पोचवले होते. ही त्या वहीत नव्हती.

केशरी अंग. पाठीवर काळ्या कडांचे तांबडे पट्टे. नोरीननं तिला अलगद उलटं केलं. पोट बुद्धिबळाच्या पटासारखं काळं-पांढरं.

"डॉट, ही अमेरिकेतली आहे. कॉर्न स्नेक."

"काहीतरीच! उत्तरेकडचा अजगर आहे म्हणायचा तो."

"लेसला अजगर ओळखता येत नव्हता?"

"अजगर येत होते गं," डॉट खुर्चीत बसली. "मलाच लेस ओळखता आला नाही म्हणायचं."

या देशात परदेशी साप बाळगणं गुन्हा होता. सरकारी खात्याच्या हाती लागला की त्याला मारून टाकत. मंडळाच्या प्रत्येक सभेत हे बजावायचा तो लेसच.

नोरीनची बोटं पोटावरून शेपटीकडे सरकत होती. शेवटी एक टणक गोळा लागला. अडकलेलं अंडं. ते नीट चाचपायला तिनं सापाला कुशीवर वळवलं आणि तिचा हात थांबला.

डाव्या कुशीवर पेराएवढा पांढरट डाग होता. तिथले खवले वितळून एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते. पेटीतल्या उबेच्या, जाळी न लावलेल्या दिव्याचा चटका.

ती खूण तिनंच लिहिली होती. अकरा वर्षांपूर्वी, खात्याला पाठवलेल्या पत्रात: डाव्या कुशीवर भाजल्याची ताजी जखम. साप तिच्या मुलाच्या, क्रेगच्या खोलीत सापडला होता. तो एकोणीस वर्षांचा होता. सापाला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन संपवायचं काम लेसनं अंगावर घेतलं आणि संध्याकाळी रिकामा अभ्रा आणून तिच्या टेबलावर ठेवला. क्रेग त्याच आठवड्यात घर सोडून गेला. तो आईशी पुन्हा बोलला नव्हता.

डॉट काहीतरी सांगत होती. नोरीनला तिचे ओठ नुसते हलताना दिसत होते.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, हिला तो पाहुणी म्हणायचा. मी म्हणायची, अकरा वर्षं ठिय्या देणारी ही कसली पाहुणी? तर म्हणे, दुसऱ्याची ठेव आहे." डॉटनं तिच्याकडे पाहिलं. "आणि म्हणायचा, नोरीनला कळता कामा नये, ती लगेच खात्याला पत्र लिहील. बरोबर ना? लिहिशील ना?"

साप नोरीनच्या मनगटाभोवती सैलसर वेटोळं घालत होता.

"तुझा फोन दे."

"आत्ता कळवतेस? माझ्यासमोर?"

"दे गं. माझा फोन तो उचलत नाही."

"कोण?" डॉटनं विचारलं, आणि मग गुपचूप फोन पुढे केला.

नोरीननं पाठ असलेला नंबर एका हातानं लावला.

"हॅलो?" आवाज किती भरदार झाला होता. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

"क्रेग, ठेवू नकोस. तुझ्या जिंजरचं अंडं अडकलंय. शेवटचं, शेपटीजवळचं. अशा वेळी तू काय करायचास?"

यंत्र बंद झालं. डॉट खुर्चीतून अर्धवट उठून तशीच थांबली होती.

"तिला शेकायचं पाणी किती गरम आहे?" क्रेगनं विचारलं.