सत्तेचाळीस ठिकाणी राहणारी बाई

कवळीवालीनं खालच्या जबड्याचा पाचवा दात मेणात टेकवला, श्वास रोखला, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. दात चिमट्यातून निसटला, टेबलावर दोन उड्या मारून प्लॅस्टरच्या बादलीत बुडाला.

ती “बोला” म्हणाली, पण सूर “मरा”चा होता.

“नमस्कार मॅडम! आपली खासगी माहिती इंटरनेटवर सत्तेचाळीस ठिकाणी उघड्यावर पडली आहे. आम्ही ती पुसून देतो.”

“माझा नंबर कुठून मिळाला तुम्हाला?”

पलीकडच्या माणसानं घसा खाकरला.

“त्यातल्याच एका ठिकाणाहून, मॅडम.”

बादलीत दात शोधत असलेले प्लॅस्टरकाका फिस्सकन हसले. त्या कारखान्यात ते दोघंच. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे यायचे, काका साचे ओतायचे, ती त्यावर दात लावायची. दोन वर्षं झाली, पण काका तिला कवळीवालीच म्हणायचे. पहिल्याच दिवशी तिनं बजावलं होतं, माझं नाव रस्त्यापर्यंत जाईल अशी हाक कधी मारायची नाही.

कारण नवरा. कोर्टानं दोघांना मोकळं केलं होतं, पण नवऱ्याला कोर्टाचं पटलं नव्हतं. “फक्त बोलायचंय” म्हणत तो यायचा आणि बोलायला सुरुवात लाथेनं करायचा. चार वर्षांत तिनं तीन घरं बदलली होती.

म्हणून तिला फोन आपटता येईना. तिनं त्यांचा फुकटातला अहवाल मागवला, तोही लगेच आला. हात पुसून ती वाचायला लागली.

वय अडुसष्ट. व्यवसाय, घोड्यांची दंतवैद्य. कुटुंबात अंदाजे पाच जण, पैकी एक बहुधा कुत्रा. पत्ता शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, कुठल्याशा इमारतीतला तिसरा मजला. तिथं तिनं जन्मात पाऊल ठेवलं नव्हतं. कुणा एकानं चूक केली होती आणि बाकीच्या सेहेचाळीस जणांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली होती. सगळ्या यादीत तिचं म्हणावं असं काही असेल तर नाव आणि फोन नंबर.

कवळीवाली हसली. काकांनी वर बघितलं. मंगळवारसारख्या दिवशी ती हसल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

“राहू दे हेच,” ती फोनवर म्हणाली. “मला आवडलं.”

“असं कसं मॅडम! चुकीची माहिती तर आधी काढायला हवी. तुम्ही फक्त खरा पत्ता द्यायचा, ओळखपत्र जोडायचं, वर्षाचे पैसे भरायचे. चुकीचा पत्ता त्याच क्षणी गायब.”

“आणि खरा?”

“तो पडताळणीसाठी त्या सत्तेचाळीस ठिकाणी जातो. पंचेचाळीस दिवसांनी तोही निघतो.”

“म्हणजे लपायचे पैसे मी मोजायचे, आणि तुम्ही दीड महिना मी कुठं आहे ते गावभर दवंडी पिटणार?”

“प्रोसेस आहे, मॅडम.”

“तुमच्या प्रोसेसच्या नानाची टांग!”

काकांना एव्हाना दात सापडला होता. तो धुऊन त्यांनी तिच्यासमोर ठेवला.

“अगं, खोटा पत्ता फुकटात मिळालाय,” ते म्हणाले, “पैसे देऊन पुसतेस कशाला? बसू दे त्याला तिकडं बेल वाजवत.”

ती फोन ठेवणारच होती. पण फोनवरचा गडी गिऱ्हाईक सोडणाऱ्यांतला नव्हता.

“तुमची मर्जी. पण तुमच्यात कुणाला तरी फारच रस आहे बरं का, मॅडम. हा पत्ता गेल्या महिन्यात एकाच माणसानं अकरा वेळा पाहिलाय.”

तिनं फोन ठेवला. त्या दुपारी तिनं एक कवळी पॉलिशच्या चाकावर इतकी घासली की शेवटी काकांनी ती तिच्या हातातून काढून घेतली. हिरड्या संपतील म्हणाले.

“काका,” ती चाक बंद न करताच म्हणाली, “तिथं कुणीतरी राहत असेल ना?”

काका प्लॅस्टर चाळत राहिले.

*

रविवारी सकाळी ती त्या तिसऱ्या मजल्यावर उभी होती. दाराच्या खालच्या भागावर नवं कोरं प्लायवूड ठोकलेलं होतं. त्याच्या कडेनं जुनं लाकूड आतल्या बाजूला फाटलेलं दिसत होतं. लाथ किती उंचीवर बसते ते तिला पाठ होतं.

तिनं बेल दाबली.

“ती इथं राहत नाही!” आतून आवाज आला. आवाज कसला, अख्ख्या मैदानाला सावधान करणारी आरोळीच.

“मी एकटीच आहे,” कवळीवाली म्हणाली. “बाईमाणूस आहे.”

दार वीतभर उघडलं. सत्तरीच्या आसपासची बाई, पायात घरातच बूट, हातात बॅट. मागच्या भिंतीवर शाळेच्या संघांचे फोटो, आणि प्रत्येक फोटोत कडेला हीच, गळ्यात शिट्टी अडकवून.

“तुम्हालाही घोडा दाखवायचाय?” खेळाच्या बाईंनी विचारलं.

“नाही.”

“मागच्या महिन्यात एकजण खाली खरंच घोडा घेऊन आला होता. दाढ दुखतेय म्हणे. म्हटलं, मी पी.टी. शिकवायचे, फार तर त्याला कवायत करायला लावते. पण तो बिचारा माफी मागून गेला तरी. तो दुसरा आहे ना...” त्यांनी बॅटनं प्लायवूडकडे दाखवलं. “तीनदा आलाय. बायकोला बाहेर काढा म्हणतो. मी पोलिसांत गेले. ते म्हणाले, त्यानं तुम्हाला काही केलंय का? म्हटलं, दार मोडलंय. तर म्हणे, ते दाराला केलंय.”

कवळीवालीनं प्लायवूडच्या कडेवरून बोट फिरवलं.

“मग त्या माहिती पुसणाऱ्यांना फोन केला. म्हटलं, पैसे मी भरते, पण त्या बाईचं नाव काढा इथून. तर म्हणे, अर्ज त्या बाईनंच करायला हवा. बरं, म्हटलं, राहते कुठं ती? तर म्हणे, तुमच्याकडं!”

हे सांगताना बाईंच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या.

“रात्री झोपायला बहिणीकडं जाते मी. या वयात, स्वतःचं घर असताना, पिशवी घेऊन! सापडू दे ती बाई मला.”

“हा पत्ता तिनं दिलेला नाही.”

“नसेल दिला. पण हा तिच्या नावावर लागलाय, हे कळलंय का तिला?”

कवळीवालीनं नखांत अडकलेलं प्लॅस्टर खरवडलं.

“कळलंय.”

“कधी?”

“मंगळवारी.”

“आज रविवार आहे,” बाई म्हणाल्या. यावेळी त्यांचा आवाज अजिबात चढला नाही.

कवळीवाली अर्धा जिना उतरली आणि पायरीवर बसली. कान तापले होते. राग नवऱ्याचा होता, त्या प्रोसेसवाल्याचा होता, सेहेचाळीस नक्कलबहाद्दरांचा होता. पण मधल्या पाच दिवसांचा राग या सगळ्यांना पुरून उरला. तिनं फोन काढला आणि अर्ज उघडला. नाव. जन्मतारीख. आईचं माहेरचं आडनाव. पुसायच्या निमित्तानं त्यांनी जे जे विचारलं, ते आजवर लग्न जमवणाऱ्यांनीही विचारलं नव्हतं.

मग आला खऱ्या पत्त्याचा चौकोन. तिचा अंगठा तिथं अडकला. तिला तिची खोली दिसली, दाराला आतून लावलेल्या दोन कड्या दिसल्या. पंचेचाळीस दिवस. चौथं घर शोधायला तेवढे पुरतील का, याचा हिशेब ती मनात मांडायला लागली.

चौकोनाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, “ओळखपत्रावरील पत्ता हाच आपला खरा पत्ता मानला जाईल.”

तिनं पर्समधून ओळखपत्र काढलं. त्यावरचा पत्ता लग्नानंतरचा होता. चार वर्षांत तिनं तो बदललाच नव्हता. बदलायचा तर नवा पत्ता आणखी एका खिडकीवर, आणखी एका वहीत गेला असता. त्या घरात आता नवरा एकटा राहत होता.

तिनं ती बारीक ओळ परत वाचली. मग एकेक अक्षर दाबत तो पत्ता भरला. मजला, खोली क्रमांक, गल्ली, अगदी “दवाखान्याच्या मागे” सुद्धा. ओळखपत्राचा फोटो काढून जोडला आणि पैसे भरले.

“अभिनंदन!” फोन म्हणाला. “आपला खरा पत्ता सर्व सत्तेचाळीस ठिकाणी कळवण्यात आला आहे.”

ती परत वर गेली. खेळाच्या बाई दारातच उभ्या होत्या.

“नाव गेलं इथून,” कवळीवाली म्हणाली. “दाराचा खर्चही ती देणार आहे. पण तो एखादी चक्कर मारेल अजून.”

“मग काय सांगायचं त्याला?”

“ती तुझ्याच घरी राहते म्हणावं. जाऊन बघ.”

बाईंनी ते वाक्य ओठातल्या ओठात एकदा म्हणून बघितलं. बॅट दाराच्या आड उभी केली.

“हळू सांगू की ओरडून?”

“ओरडून,” कवळीवाली म्हणाली. “सगळ्या मजल्यांवर ऐकू जाऊ दे.”