कराच्या पैशांची पिशवी

आमच्या राज्यात गांजा विकणं कायदेशीर असलं, तरी केंद्राच्या कायद्याला भिऊन बँक गांजाचे पैसे घेत नाही, म्हणून माझ्या परवाना असलेल्या दुकानाचा कर मी पिशवीतून रोख नेते. तेच पैसे दुसऱ्या दिवशी नगरपालिका त्याच बँकेत भरते, तेव्हा मेल्यांना वास येत नाही!

आज एक निळी गाडी मागे लागली. मी गाडी वळवली, तीही वळली. भरधाव नगरपालिकेचं आवार गाठलं. निळ्या गाडीतून शेजारच्या गांजाच्या दुकानाचा वेंडेल उतरला, छातीशी पिशवी धरून.

"मेल्या, जीव घेतोस का माझा?"

"अगं लोरेटा, एकट्याने कर भरायला यायची भीती वाटते, म्हणून तुझ्या मागोमाग आलो. तू वेग वाढवलास, तेव्हा वाटलं, तुलाही ती दिसली."

"कोण?"

त्याने मागे बोट दाखवलं. एक काळी गाडी फाटकातून सावकाश आत येत होती.