शिकारीचे मोजे

जेवायला निघण्याआधी गॅरेटने मला पुन्हा एकदा बजावलं. थंडीबद्दल तक्रार करायची नाही. गाव लहान आहे असं म्हणायचं नाही. इथल्या शाळा कशा आहेत, हे आपणहून विचारायचं.

"आपल्याला मूल नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच विचार. या गोष्टी मला विचारायला त्यांना बंदी आहे. तुला मात्र गप्पांच्या ओघात सगळं विचारतील आणि सकाळी वर सांगतील."

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाचा हिवाळा असाच जातो. पुढचं शिक्षण कुठल्या हॉस्पिटलात होणार, ते मार्चपर्यंत कळत नाही. तोवर गावोगाव मुलाखती, आणि प्रत्येक मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या शिकाऊ डॉक्टरांबरोबर जेवण. जोडीदाराला आग्रहाने बोलावतात. परीक्षा त्याचीही असते, फक्त तसं कोणी म्हणत नाही. मी शाळेच्या ग्रंथालयातून रजा काढली होती. बर्फात गाडी मी चालवायची आणि शेजारी बसून गॅरेटने उत्तरं घोकायची, असं ठरलं होतं. एप्रिलमध्ये माझी आई गेली, तेव्हापासून घरी बसण्यापेक्षा गाडी चालवणं मला बरं वाटत होतं.

आयोवातल्या त्या हॉटेलात माझ्या शेजारी मॅरेन नावाची दुसऱ्या वर्षाची डॉक्टर बसली होती. तिने माझ्या दंडावर हात ठेवला.

"तुझ्या नवऱ्याचा निबंध आम्ही सगळ्यांनी वाचला. अर्जासोबतचे निबंध म्हणजे खरं तर शिक्षा असते. पण हा लक्षात राहिला. ते मोजे. मी अक्षरशः बाथरूममध्ये जाऊन रडले."

"कुठले मोजे?"

"तुझ्या आईचे. म्हणजे वडिलांचे ना ते? शिकारीचे, लाल. शेवटच्या दिवशी त्याने तिला घातलेले."

मी पाव घेतला, त्याला लोणी लावलं आणि तो ताटलीत परत ठेवला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गॅरेट कोणाच्या तरी विनोदावर हसत होता. मी मॅरेनला विचारलं, इथल्या शाळा कशा आहेत.

आईचे पाय नेहमी गार असायचे. हरणांच्या शिकारीच्या मोसमात वडील घालायचे ते जाड लाल मोजे तिने त्यांच्यामागे वापरायला काढले होते. तिच्या गावच्या, डलुथच्या हॉस्पिटलात शेवटच्या सकाळी ते मी तिच्या पायात चढवले. पाय सुजलेले होते, टाच बसेना, अंगठ्याचं नख लोकरीत अडकत होतं. गॅरेट तेव्हा सेंट लुईसला एका हॉस्पिटलात काम शिकायला गेला होता. संध्याकाळी फोनवर मी त्याला हे सगळं सांगितलं, कारण दुसरं कोणी नव्हतं. पुढे अंत्यविधीवाला म्हणाला, शवपेटीचं पायांकडचं झाकण बंदच असतं, पाय कोणाला दिसत नाहीत, मोज्यांची गरज नाही. मी म्हटलं, गरज आहे. म्हणजे ते मोजे मला माहीत होते, त्या माणसाला आणि गॅरेटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याची मुलाखत संपली आणि आम्ही वर, विस्कॉन्सिनकडे निघालो. गाव मागे पडेपर्यंत मी थांबले.

"तो निबंध किती ठिकाणी गेलाय?"

तो लगेच समजला. टाय सैल करत म्हणाला, "सगळीकडे एकच जातो."

"म्हणजे माझ्या आईला तू सगळीकडे मोजे घातलेस."

"थिया, मला यायचं होतं. सुट्टी मिळाली नाही, तुला माहीत आहे. मी मनाने तिथेच होतो."

"मनाने मोजे घालता येत नाहीत. टाच बसत नाही."

"तू फोनवर सांगितलंस तेव्हा मला ते दिसलं. डॉक्टर का व्हायचं, हे मला त्या क्षणी कळलं. हे तरी खोटं नाहीये."

"मग हेच लिहायचं. बायकोने फोनवर सांगितलं, असं."

"असं कोणी लिहीत नाही." तो खिडकीबाहेर बघत होता. "आता बदलता येणार नाही. सप्टेंबरातच गेलाय. आता मागे घेतला तर मी खोटारडा ठरेन. मग कुठेच घेणार नाहीत. पुन्हा वर्षभर थांबायचं. तुला चालेल?"

रस्त्याच्या कडेने शेतं पांढरी पडली होती. बर्फ बाजूला सारणारी गाडी पुढे हळूहळू चालली होती आणि तिला ओलांडायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने गॅरेट म्हणाला, "एक विचारू? चिडू नकोस. आज एकाने मला विचारलं, तुझी आई, लॉरेन, शेवटी काही बोलली का. मी म्हणालो, नाही. बोलली होती का?"

"बोलली होती."

"काय?"

मी वायपर लावले. त्याने थोडी वाट पाहिली, मग कानाला हेडफोन लावला.

त्या संध्याकाळचं जेवण एका शिकाऊ डॉक्टरच्या घरी होतं. तळघरात लांब टेबल मांडलं होतं. बटाट्याच्या गोळ्यांचं, ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश, लिंबाच्या वड्या, दारात ओल्या बुटांची रांग. टॅड नावाचा एक आडदांड मुलगा आमच्या पायांकडे बघून म्हणाला, "इथल्या थंडीत चांगले मोजे हवेत. पण तुमच्याकडे ते आहेतच म्हणे." आणि लगेच त्याचा चेहरा पडला. "सॉरी. फारच वाईट बोललो. माझी आजी गेली ना, म्हणून तो निबंध मला... सॉरी."

"असू दे," मी म्हटलं. "माझी आई हसली असती."

गॅरेट माझ्याकडे बघत होता आणि अगदी बारीक मान हलवत होता, नको, नको.

मी सांगितलं. आवाज चढवला नाही. पाय कसे सुजले होते, नख कसं अडकत होतं, नर्सने करून देते म्हटलं तरी मी कसं दिलं नाही. एक मोजा उलटा गेला होता आणि तो मी तसाच राहू दिला, हेही. यातलं काही मी एप्रिलपासून कोणाला पुरतं सांगितलं नव्हतं. सांगून झालं तेव्हा टॅडच्या बायकोने विचारलं, "आणि गॅरेट?"

"गॅरेट सेंट लुईसला होता."

कोणीतरी वड्यांची ताटली पुढे सरकवली.

मोटेलवर तो भिंतीकडे तोंड करून झोपला. सकाळी त्याला हॉस्पिटलच्या दाराशी सोडताना म्हणाला, "झालं तुझ्या मनासारखं." दुपारपर्यंत मी गाडीतच बसले. वाईट वाटत होतं, हे मी नाकारत नाही. चार वर्षांचा त्याचा अभ्यास मी जवळून पाहिला होता.

तो बाहेर आला तो हसत. मागचं दार उघडून त्याने कोटाची पिशवी आत टाकली.

"तू विश्वास ठेवणार नाहीस. त्यांच्यापर्यंत सगळं पोचलं होतं. मी सरळ कबूल केलं. म्हटलं, दुःखात माझं आणि बायकोचं असं वेगळं राहिलंच नाही, तिची आठवण मी माझीच समजलो. आणि या चुकीतून मला रुग्णाच्या नातेवाइकांचं ऐकायला शिकायला मिळालं. डायरेक्टरांनी पेन खाली ठेवलं, थिया. म्हणाले, एवढं प्रामाणिक उत्तर बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही. तुमची बायको फार खरी बाई आहे, असंही म्हणाले." तो पुढे माझ्या शेजारी येऊन बसला आणि हात चोळू लागला. "तुमची एखादी चूक सांगा, असं सगळीकडे विचारतात. माझ्याकडे आजवर धड उत्तरच नव्हतं."

मी इंजिन चालू केलं नाही.

"फक्त एक," तो म्हणाला. "त्यांनीही तेच विचारलं. ती शेवटी काय बोलली. तेवढं सांग ना. आता तर काही लपवायचं उरलेलं नाही."

मी उतरले, मागचं दार उघडलं, त्याच्या कोटाची पिशवी आणि बॅग काढून फुटपाथवर कोरड्या जागी ठेवली. मग त्याच्या बाजूचं दार उघडून उभी राहिले.

"परवा सू फॉल्सला मुलाखत आहे," तो म्हणाला. "मी कसा जाणार?"

"भाड्याची गाडी मिळते."

"मला बर्फात चालवता येत नाही."

"सावकाश चालव."

तो उतरला, कारण दार उघडं होतं आणि वारा आत येत होता. "वेडेपणा करू नकोस. तू नाहीस, हे बघून तिथे जेवायला सगळे काय विचारतील?"

"सांग, आईच्या घरी गेली. हे मात्र तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आहेस."

आरशात तो बॅगेशेजारी उभा दिसत होता. मी डलुथच्या रस्त्याला लागले आणि पायांवर हीटर सोडला.